खोकला सांगायचा राहिला
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या पिरंगुटमध्ये खोकला ही काही बातमी नाही. पौड रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक धावतात, बाजूला कारखाने आहेत, बांधकामं चालू असतात आणि पावसाळ्यात मुळशीकडून ओली हवा येते. कुणी खोकलं, की आम्ही 'धूळ लागली असेल' म्हणतो आणि कामाला लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात मला कोरडा खोकला सुरू झाला, तेव्हा मीही तेच म्हटलं. फरक एवढाच होता, की त्या वेळी माझे कॅन्सरचे उपचार चालू होते. हा फरक मला समजत होता. तरीही तीन आठवडे मी तो खोकला डॉक्टरांना सांगितला नाही. आज त्या तीन आठवड्यांबद्दल बोलणार आहे.

मला झाला होता तो हॉजकिन्स लिम्फोमा. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. शरीरात जागोजागी लसिकाग्रंथी असतात, मानेत, काखेत, जांघेत. त्यांचा हा कॅन्सर. माझ्या मानेवर न दुखणारी गाठ आली, संध्याकाळी ताप यायचा, रात्री अंथरूण घामानं भिजायचं. सगळ्यांना आधी क्षय वाटला. आपल्याकडे अशी गल्लत पुष्कळ वेळा होते. गाठीचा तुकडा तपासल्यावर खरं काय ते कळलं. अभिनेते शरद पोंक्षे यांनाही हाच आजार झाला होता. त्यातून बरे होऊन २०१९ मध्ये ते रंगभूमीवर परतले. उपचार वेळेवर आणि पूर्ण झाले, तर बहुतेक रुग्ण या कॅन्सरमधून बरे होतात.

उपचार म्हणजे चार औषधं. १९७० च्या दशकात इटलीतल्या मिलान शहरात जियानी बोनादोन्ना या डॉक्टरांनी ही चौकडी जुळवली. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यायची, दोन सलाईनची एक फेरी. या चारांतलं एक औषध, विनब्लास्टिन, मुळात सदाफुलीपासून मिळालेलं. आपल्या अंगणातली, कब्रस्तानाच्या कडेला फुलणारी तीच सदाफुली! हे कळल्यावर शेजारच्या एकांनी मला सदाफुलीचा काढा घ्यायला सांगितलं. कृपा करून कुणी तसं करू नका. पानात विषारी द्रव्यं असतात आणि किती पोटात गेलं याला माप नसतं. औषध म्हणजे मोजून दिलेलं विषच असतं, आणि ते मोजायचं काम डॉक्टरांचं.

चौकडीतलं दुसरं औषध ब्लिओमायसिन. जपानमध्ये हमाओ उमेझावा यांनी १९६० च्या दशकात एका सूक्ष्म जीवापासून ते मिळवलं. कॅन्सरच्या पेशीतला वंशसूत्राचा धागा ते तोडतं. या कामी त्याला लोह आणि प्राणवायू यांची मदत लागते. आपल्या बहुतेक अवयवांत हे औषध निकामी करणारं एक पाचक द्रव्य असतं, पण त्वचेत आणि फुप्फुसांत ते फार कमी. त्यामुळे इतरत्र जे विष उतरून जातं, ते फुप्फुसांत रेंगाळतं. फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ भिंतींचे. त्या भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. त्या सुजल्या की कोरडा खोकला येतो, दम लागतो, बारीक ताप येतो. सूज वेळेत उतरली नाही, तर भिंती जाड आणि ताठ होतात. ते मग पुरतं भरून येत नाही, काहींच्या जिवावरही बेततं. सगळ्यांना हे होत नाही. पण चाळिशीच्या पुढचं वय, कमजोर मूत्रपिंड, धूम्रपान, छातीवर दिलेले किरण, या गोष्टींनी धोका वाढतो. माझं वय पन्नाशीच्या पुढचं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञान दहावीलाच सुटलं. हे सगळं मला नंतर, खाटेवर पडल्या पडल्या समजलं. पण दर सलाईनच्या आधी डॉक्टर विचारत, "खोकला? दम?" आणि मी मान हलवून 'नाही' म्हणत असे. का? भीती वाटायची. औषध थांबवलं तर कॅन्सर परत येईल, ही एक. नवी तपासणी, नवा खर्च, ही दुसरी. आणि तिसरी सांगायला लाज वाटते. घरातले सगळे माझ्यामागे इतके पळत होते, की आणखी एक दुखणं त्यांच्यापुढे ठेवायचं जिवावर आलं. गावातल्या एका डॉक्टरांकडून खोकल्याचं औषध घेतलं. तेही म्हणाले, धूळ. मी त्यांना केमोचं सांगितलंच नव्हतं, तर त्यांना बोल कसा लावू?

पकडलं ते पत्नीनं. पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं नमाजात. सजद्यातून उठताना मी थांबायला लागलो होतो. मग एका रात्री नातवाला माझीच एक जुनी कविता म्हणून दाखवत होतो आणि ओळीच्या मध्येच श्वास तुटला. ती ओळ मी तीस वर्षं एका दमात म्हणत आलोय. नातू हसला, त्याला गंमत वाटली. ती हसली नाही. तिनं मुलाला हाक मारली आणि करोनात घेतलेलं, कपाटात पडून असलेलं, बोटाला लावायचं ते प्राणवायू मोजायचं यंत्र काढायला लावलं. बसून आकडा आला ९५. मी म्हटलं, "बघ, ठीक आहे." ती म्हणाली, "आता जिना चढून या." चौदा पायऱ्या. वर पोचलो तेव्हा आकडा होता ८८.

हे मुद्दाम सांगतोय. बसल्या जागी सगळं ठीक दिसतं. सुजलेलं फुप्फुस पकडलं जातं ते चालल्यावर.

ते सप्टेंबरचे शेवटचे दिवस. चांदणी चौकातला जुना पूल पाडायचा होता, दोन ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर तो पाडला. मुलगा म्हणाला, "अब्बा, परवा रस्ता बंद होईल. आजच निघू." त्याच रात्री भूगाववरून पुणं गाठलं.

तिथे कळलं, की कॅन्सरच्या रुग्णाला दम लागण्याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. केमोनं पांढऱ्या पेशी कमी होतात, मग न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट पाहायची नाही. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकू शकते, तेव्हा दम एकाएकी लागतो. फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. छातीला किरण दिले असतील, तर त्यांची सूज काही आठवड्यांनी, महिन्यांनीही येते. आणि काही औषधांचीच सूज येते. माझ्या छातीचा सीटी स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धूसर काचेसारखे डाग होते. दुर्बीण घालून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली. मग ब्लिओमायसिन कायमचं बंद झालं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्या रात्री मला प्राणवायू लावला होता. मी तळमळताना पाहून मुलानं नळीची कळ पूर्ण फिरवायला हात घातला. परिचारिकेनं तो धरला. ज्या प्राणवायूच्या मदतीनं हे औषध कॅन्सरला मारतं, त्याच्याच मदतीनं ते फुप्फुसही जाळतं. म्हणून अशा रुग्णाला प्राणवायू लागेल तेवढाच देतात, आकड्यावर नजर ठेवून. माया म्हणून वाढवायचा नसतो. मुलगा नंतर बाहेर जाऊन रडला, असं सुनेनं सांगितलं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्यभर आवक-जावक लिहिली. पत्नीनं माझंच एक कोरं रजिस्टर काढलं आणि रोज लिहायला लागली. सकाळचा ताप, बसून प्राणवायू, जिना चढून प्राणवायू, किती उशांवर झोपलो, कोणती गोळी किती. सून साखर तपासायची, कारण स्टिरॉइडनं साखर वाढते. झोप उडते, भूक खवळते, माणूस चिडका होतो. एका दिवशी मी जेवणाची थाळी ढकलून दिली. तिनं तेही लिहिलं : 'आज थाळी ढकलली. तीन रात्री झोप नाही.' पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि गोळ्यांची वेळ बदलून सगळी मात्रा सकाळी आणली. मी तोंडानं हे कधीच सांगितलं नसतं. या गोळ्या कित्येक आठवडे, हळूहळू उतरवत न्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून एकदम सोडल्या तर सूज उलटते, शिवाय शरीरही गळून जातं.

रात्री दम लागला की भीती वाटते, आणि भीतीनं दम आणखी वाढतो. तेव्हा ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसायची. पुढे उशीवर झुकायचं, नाकानं श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. ती स्वतः माझ्याबरोबर तसा श्वास घ्यायची. आम्ही दोघं म्हातारे रात्री दोन वाजता फुंकर मारत बसलेलो! आता हसू येतं.

एक चूक आम्हा सर्वांची. दोन फेऱ्यांनंतरचा पेट स्कॅन आम्ही पैशांसाठी पुढे ढकलला होता. २०१६ मध्ये सुमारे बाराशे रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन फेऱ्यांनंतरचा हा स्कॅन स्वच्छ असेल, तर पुढे ब्लिओमायसिन गाळलं तरी आजारावरचा ताबा जवळजवळ तेवढाच राहतो आणि फुप्फुसं वाचतात, असं त्यात दिसलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्या बाबतीत तर १९९६ मध्येच डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी हे औषध टाळून दुसरं निवडलं होतं. तेव्हा 'हे औषध पुढे लागेलच का?' असं विचारायला संकोच करू नका. प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. आणि पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना आधी भेटा, तपासणी मागाहून ढकलू नका.

उरलेली तीन औषधं पूर्ण झाली. स्कॅन स्वच्छ आला. फुप्फुसांची ताकद बरीच परतली, सगळी नाही. माझ्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते : 'यांना ब्लिओमायसिन दिलेलं आहे.' गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूलतज्ज्ञांना ती दाखवली, कारण भूल देताना प्राणवायू लागतो. मी विसरलो असतो. पत्नी विसरली नाही.

आपण घरच्यांना म्हणतो, रुग्णाला धीर द्या. धीर हवाच, दुआही हवी. पण माझा जीव वाचला तो कुणीतरी जिन्याच्या पायऱ्यांवर माझा श्वास मोजला म्हणून. आणि रुग्णांना माझं एवढंच सांगणं आहे, की घरच्यांना त्रास नको म्हणून खोकला लपवू नका. त्यांना खरा त्रास त्या लपवण्यानं होतो.

ती जुनी ओळ मी अजूनही एका दमात म्हणू शकत नाही. मध्ये थांबतो. आता नातू हसत नाही, पुढचे शब्द तोच म्हणतो.