कॉकपिटमध्ये परत

दारूचं व्यसन जडलेल्या वैमानिकाला पुन्हा विमान चालवू द्यावं का? कुणालाही विचारा, उत्तर लगेच येईल: छे, भलतंच काय! अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्यवहारही जवळपास तसाच होता. व्यसनाचं निदान झालं की वैद्यकीय प्रमाणपत्र जायचं आणि त्यामागोमाग नोकरी. ऐकायला हे अगदी सुरक्षित वाटतं, पण घडायचं नेमकं उलटं. निदान झालं की सगळं संपलं हे ठाऊक असताना डॉक्टरची पायरी चढणार कोण? पिणारा लपवायचा, कुणाच्या पोटावर पाय कशाला आणा म्हणून सहकारी गप्प बसायचे, आणि विमानं उडत राहायची.

१९७४ साली वैमानिकांच्या संघटनेनंच, सरकारी अनुदान घेऊन, यावर एक तोडगा काढला. ‘हिम्स’ या नावानं ती योजना आजही चालते. संघटना, विमान कंपनी आणि विमान वाहतूक प्रशासन हे एरवी एकमेकांशी भांडणारे तिघं इथे एकत्र येतात. वैमानिक साधारण महिनाभर केंद्रात राहून उपचार घेतो, मानसोपचारतज्ज्ञ त्याला तपासतात, आणि सगळं जमून आलं तर सशर्त प्रमाणपत्र मिळतं. खरी गंमत त्यानंतरची. पुढे वर्षानुवर्षं देखरेख चालते. चाचणीला कधी बोलावणं येईल याचा नेम नसतो. मदतगटाच्या सभा असतात, वरिष्ठांशी गाठीभेटी असतात. शिवाय लक्ष ठेवायला एक सहकारी वैमानिक असतो, बरेचदा स्वतः त्याच वाटेनं आलेला. ‘मी अगदी ठीक आहे’ ही थाप त्याच्यापुढे चालत नाही, कारण त्यानं ती स्वतः कैकदा मारलेली असते. या वाटेनं आजवर हजारो वैमानिक कॉकपिटमध्ये परतले आहेत.

यातली सर्वांत थक्क करणारी कहाणी लायल प्राउझ यांची. ८ मार्च १९९०च्या सकाळी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक बोइंग ७२७ फार्गोहून मिनियापोलिसला उतरलं. आदल्या रात्री कॅप्टन प्राउझ आणि त्यांचे दोन साथीदार बारमध्ये भरपूर प्यायले होते. प्रवासी सुखरूप उतरले, तिघांना मात्र अटक झाली. प्राउझ यांना सोळा महिन्यांची शिक्षा लागली. नोकरी गेली, सगळे परवाने रद्द झाले. तुरुंगात जाण्याआधीच त्यांनी उपचार घेतले होते. सुटून आल्यावर, अनेक वर्षं जेट विमानं चालवलेल्या, मरीन दलातून आलेल्या या माणसाला खासगी वैमानिकाच्या परवान्यापासून एकेक परीक्षा नव्यानं द्यावी लागली. १९९३मध्ये त्याच कंपनीनं त्यांना परत घेतलं. १९९८मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ७४७चे कॅप्टन होते. २००१च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली, आणि त्या माफीला पाठिंबा देणाऱ्यांत शिक्षा सुनावणारे न्यायाधीशही होते!

एका माणसाच्या कहाणीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणून डॉक्टरांचा हिशेब पाहा. व्यसनाधीन डॉक्टरांसाठी अमेरिकेतल्या राज्यांमध्ये अशाच योजना आहेत. तिथल्या सोळा योजनांमधल्या ९०४ डॉक्टरांची पाहणी २००८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. पाच वर्षांनी, ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी सुमारे ७९ टक्के डॉक्टर परवान्यासह काम करत होते. उपचार पुरे करून देखरेखीखाली कामावर परतलेल्यांपैकी १९ टक्केच या काळात चाचणीत सापडले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात वावरणाऱ्याला विचारा, असे आकडे किती दुर्मीळ असतात ते.

हे साधतं कसं? व्यसनात माणसाला दूरचं दिसेनासं होतं. दहा वर्षांनी यकृत निकामी होईल ही धमकी समोरच्या ग्लासापुढे फिकी पडते. परवा चाचणी लागली तर हातातलं काम जाईल, ही भीती मात्र ग्लासाइतकीच जवळची असते. जवळच्या मोहाला जवळचाच धाक लागतो. आणि धाकाइतकंच महत्त्वाचं म्हणजे परतीचं दार उघडं असतं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर-वैमानिकांचं ठीक आहे हो, त्यांच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ असतं. ज्याच्याकडे नोकरीच नाही त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले केनेथ सिल्व्हरमन यांनी त्याला दिलेलं उत्तर मला तरी अफलातून वाटतं. त्यांनी नोकरीच उभी केली. हेरॉइन-कोकेनच्या विळख्यात सापडलेल्या, बेकार, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना त्यांनी टायपिंग आणि डेटा एंट्री शिकवायला सुरुवात केली. अट एकच: आल्यावर लघवीचा नमुना द्यायचा, तो स्वच्छ निघाला तरच कामाच्या खोलीत प्रवेश. सलग स्वच्छ दिवसांगणिक मोबदला वाढत जायचा. नमुना अस्वच्छ निघाला तर त्या दिवशी घरी जायचं, आणि मोबदला पुन्हा तळाला. पण कामावरून काढायचं नाही. नमुना स्वच्छ आला की खुर्ची तयार. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत इथे स्वच्छ नमुन्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट भरलं.

पुढच्या अभ्यासांत एक अडचणही दिसली. ही व्यवस्था काढून घेतली की अनेक जण पुन्हा अमली पदार्थांकडे वळतात. काहींना यात प्रयोगाचा पराभव दिसतो. सिल्व्हरमन यांनी मात्र यातून निष्कर्ष काढला तो असा, की रक्तदाबाची गोळी जशी बरं वाटलं म्हणून बंद करत नाहीत, तशी अटीसह मिळणारी ही नोकरीही दीर्घकाळ चालू ठेवावी. आता प्रश्न उरतो तो खर्चाचा, आणि अशी अट घालून पगार द्यायला कोणते मालक पुढे येतील याचा.