जखमीला हात लावण्याआधी

रायपूरच्या समता कॉलोनीत अपघात झाला की फोन जातो तो १०८ला. छत्तीसगडमध्ये ही रुग्णवाहिका सेवा २०११पासून 'संजीवनी एक्सप्रेस' नावाने धावते. महाराष्ट्रात ती २०१४मध्ये आली. गाडीतून उतरलेला तंत्रज्ञ आधी क्षणभर थांबून पाहतो, तेव्हा बघ्यांचा जीव खालीवर होतो. पण हेच त्याचं पहिलं काम. तुटलेली वीजतार, सांडलेलं पेट्रोल, मागून येणारी वाहनं, चिडलेला जमाव... तोच जखमी झाला तर वाचवणार कोण? हातमोजे चढवता चढवता तो जखमी मोजतो, धडक कशी बसली ते ताडतो. स्टिअरिंग वाकलेलं दिसलं की छातीला मार असल्याची शंका घ्यायची.

मग भळभळणारं रक्त दाबून धरणं, श्वासमार्ग, श्वास, नाडी. ओरडणारा निदान श्वास घेतो आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. नातेवाइकांना हे कठोर वाटतं, तरी तेच बरोबर आहे.

जखमी अनेक असतील तर १९८३मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली 'स्टार्ट' पद्धत उपयोगी पडते. चालू शकणारे बाजूला. उरलेल्यांत मिनिटाला ३०हून जास्त श्वास, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून अधिक वेळ, किंवा साधी सूचनाही न पाळता येणं, यांतलं एक जरी दिसलं तरी लाल पट्टी, म्हणजे सर्वांत आधी उपचार.

बघ्यांनी जखमीला ओढून बसवू नये, पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अचं संरक्षण २०१९च्या दुरुस्तीने दिलं आहे.