दोन चौकोन, आठ टोके : कापडी ‘बिस्कॉर्न्यू’ कसा शिवायचा?

ब्लाऊज शिवून उरलेला कापडाचा तुकडा टाकवत नाही आणि त्याचे काही होतही नाही. असे तळहाताएवढे दोन तुकडे असतील, तर त्यांतून आठ टोकांची फुगीर कापडी वस्तू तयार होते. भरतकाम करणारे तिला ‘बिस्कॉर्न्यू’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द. अर्थ वेडावाकडा, विचित्र आकाराचा. टाचण्या टोचायला, तोरणात ओवायला किंवा नाताळच्या झाडावर टांगायला ती चालते. शिलाई मशीन लागत नाही.

चौकोनांतून आठ टोके येतात कशी?

कोपऱ्याला कोपरा जुळवून दोन चौकोन शिवले, तर साधी उशी होते. इथे एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या बरोबर मध्यावर बसवायचा. सगळी गंमत एवढ्या सरकवण्यात आहे. त्यामुळे वरच्या चौकोनाचे चार कोपरे खाली दुमडतात, खालच्याचे चार वर येतात आणि या आठ त्रिकोणांची कडेची भिंत होते. चौकोनाची बाजू १० सेंटीमीटर असेल, तर भूमितीच्या हिशेबाने ही भिंत सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास उंच होते. कापूस भरला की पोट आणखी सुटते.

कापताना काय सांभाळायचे?

पहिल्यांदा घट्ट विणीचे सुती कापड घ्या. १२ सेंटीमीटरचे दोन चौकोन कापून चारही बाजूंनी १ सेंटीमीटर आत पेन्सिलीची रेघ मारा. खणासारख्या चटकन धागे सुटणाऱ्या कापडाला दीड सेंटीमीटर सोडा. चौकोन उभ्या-आडव्या धाग्यात सरळच कापा. उरेब कापलेले कापड शिवताना ताणले जाते, बाजू लहानमोठ्या होतात आणि शेवटचा कोपरा मध्यावर येतच नाही. आजीच्या लुगड्याचा एकच तुकडा उरला असेल, तर आधी जुन्या चादरीवर हात बसवा.

शिवायचे कसे?

रेघेवर कडा आत दुमडून इस्त्री करा. प्रत्येक बाजूच्या मध्यावर खूण करा. दोन्ही तुकड्यांची उलटी बाजू आत ठेवून एकाचा कोपरा दुसऱ्याच्या मध्याला टाचा आणि दोन्ही घड्यांच्या कडांतून बारीक टाके घालत चला. अर्धी बाजू झाली, की पहिल्याचा मध्य दुसऱ्याच्या कोपऱ्याशी भेटतो. तिथे एक जास्तीचा टाका घालून वळा. अशी आठ वळणे येतात. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत काम साफ फसल्यासारखे दिसते, कापड वाकडेतिकडे उभे राहते. बरेच जण इथेच उसवायला घेतात. उसवू नका, कोपरा आणि मध्य जुळत असतील, तर सगळे ठीक चालले आहे.

मॅटीवर क्रॉस स्टिच करणाऱ्यांचे काम अधिक सोपे. नक्षीभोवती दोन्ही तुकड्यांवर सारख्याच संख्येने उलटी टीप घालायची आणि शिवताना सुई फक्त त्या टिपांखालून काढायची. टाके मोजलेले असल्याने चूक लगेच कळते.

शेवटची अर्धी बाजू उघडी ठेवून कापूस भरा. उशीतला जुना कापूस पिंजून घेतला तरी चालतो, सावरीचा असेल तर छानच. पेन्सिलीच्या बोथट टोकाने आधी आठही टोके भरा, मग मधला भाग. टोके रिकामी राहिली तर वस्तू मरगळल्यासारखी दिसते. टांगायची असल्यास तोंड बंद करताना एका टोकात दोऱ्याचा फास अडकवा.

मधोमध वर-खाली एकेक बटण ठेवून जाड दोरा आरपार ओढला, की खळी पडते. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल, तर बटण नको. त्या जागी भरतकामाच्या दोऱ्याचे टाके घालून खळी पाडता येते.

टाचण्यांसाठी वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात त्या काढून डबीत ठेवाव्यात. दमट कापसात त्या गंजतात आणि कापडावर तांबूस डाग पडतात.