दसऱ्याआधीची मदत

बीड जिल्ह्यात शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि उसाचे वर्ष दसऱ्याला. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बालाघाटच्या पट्ट्यातली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता सहा महिने राबतो आणि मार्च-एप्रिलमध्ये माणसे गावी परततात. मधल्या काळात शाळेची दोन्ही सत्रे मोडलेली असतात. 2025 मध्ये बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला आणि दहावीची 21 फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. आईवडिलांबरोबर गेलेले मूल कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहते. पहाटे अंधारातच आईबाप फडावर जातात. मागे पाचवी-सहावीच्या वयाची मुलगी असेल तर पाणी भरणे, भाकऱ्या थापणे आणि धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढणे हे सगळे तिच्याकडे येते. एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचा विषय घरात निघतो, कारण वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कशी, या प्रश्नाला आईबापांकडे दुसरे उत्तर नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयोगटातल्या 43 टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याची सरासरी त्याच्या निम्मी, 22 टक्क्यांच्या आसपास होती.

या मुलीचे काय करायचे हा प्रश्न शिक्षण खात्याचा समजला जातो. तिच्या गावातल्या किराणा दुकानदाराचे काय होते हा प्रश्न उद्योग खात्याचा किंवा बँकेचा, आणि तिला ठेवून घेणाऱ्या वसतिगृहवजा संस्थेचे काय होते हा प्रश्न धर्मादाय आयुक्तांचा किंवा देणगीदारांचा. कागदावर हे तिघे वेगवेगळे आहेत. गावात मात्र ते एकाच दोरीत ओवलेले असतात, आणि ती दोरी म्हणजे पैसा हातात येण्याची वेळ. बीडमधली असुरक्षितता पैसा कमी असल्यामुळे आहे हे खरेच. त्याहून कमी बोलले जाते ते हे, की जो काही पैसा आहे तो चुकीच्या महिन्यात येतो. मदतही त्याला अपवाद नाही. उशिरा आलेली मदत उरलेल्या गरजेला पुरत नाहीच, शिवाय ती येईपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी कर्जात ढकलून जाते.

हंगामी वसतिगृहाचेच पाहा. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलाने गावात, आजी-आजोबांजवळ राहून शाळा करावी आणि त्याच्या जेवणाची सोय सरकारने करावी, अशी ही योजना आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. कल्पना उत्तम आहे, कारण ती मुलाला त्याच्या गावातून, बोलीतून आणि वर्गातून उपटत नाही. पण मंजुरी आणि अनुदान हलायला दिवाळी उलटली, तर समितीपुढे दोनच वाटा उरतात. वसतिगृह सुरूच करायचे नाही, म्हणजे मूल ट्रॉलीत बसून गेलेच. किंवा गावातल्या दुकानातून ज्वारी, तांदूळ, तेल, डाळ उधारीवर उचलायची. दुसरी वाट धरली की सरकारचा उशीर दुकानदाराच्या वहीत जाऊन बसतो. तो दुकानदार आधीच तंगीत असतो. उचल आली की गावातली जुनी उधारी थोडीफार चुकती होते, मग गिऱ्हाईकच सहा महिन्यांसाठी गाव सोडून जाते. घाऊक व्यापारी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. अशा दुकानदाराची, शिक्षकाची, निवृत्त नोकरदाराची शिल्लक राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा मल्टिस्टेट पतसंस्थेत गेली, यात नवल नाही. बीडमधल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने ठेवींवर 12 ते 14 टक्क्यांपर्यंत व्याज देऊ केले होते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये संबंधित उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवीदारांची रीघ लागली आणि पैसे परत मिळेनात. प्रकरण पुढे पोलीस आणि ईडीकडे गेले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण अडकलेल्या ठेवींत कुणाच्या मुलीची फी होती, कुणाच्या दुकानाचे भांडवल होते. त्यांच्यासाठी ते नुकसान निकालापर्यंत थांबलेले नाही.

संस्थांची गत याहून निराळी नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे शांतिवन ऊसतोड कामगारांची मुले सांभाळते. अंबाजोगाईत द्वारकादास आणि शैला लोहिया यांनी उभे केलेले मानवलोक 1982 पासून दुष्काळ, पाणी आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करत आले आहे. अशा कामाचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे माणसे: स्वयंपाकीण, अधीक्षक, शिक्षक, हिशेबनीस. पण देणगीचे नियम नेमके याच खर्चाकडे संशयाने पाहतात. 2020 मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देण्यावर बंदी आली. मोठ्या शहरी संस्थेमार्फत खेड्यातल्या लहान संस्थेपर्यंत जाणारी वाट त्या दिवशी बंद झाली. कंपन्यांचा सामाजिक निधी 2013 च्या कायद्याने सक्तीचा झाला खरा, पण तो कायदा आपल्या परिसराला प्राधान्य द्या असे सांगतो, आणि बीडच्या परिसरात असा नफा कमावणाऱ्या कंपन्या कितीशा आहेत? संस्थेला पैसा मिळालाच तर तो एका प्रकल्पापुरता, एका वर्षापुरता. मुलाला मात्र पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षे सांभाळावे लागते.

उशीर हे नुकसान आहे हे आपल्या कायद्याला ठाऊकच नाही, असे मुळीच नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने शेतकऱ्याला 14 दिवसांत उसाचे पैसे द्यायचे असतात. चुकले तर 15 टक्के व्याज. 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला सांगितले आहे आणि त्यापुढे व्याज लावले आहे. या तरतुदींची अंमलबजावणी किती होते हा वेगळा वाद. पण तत्त्व मान्य झालेले आहे. तोच ऊस तोडणाऱ्याच्या मुलाच्या जेवणाचे अनुदान तीन महिने लांबले तर कुणालाही व्याज भरावे लागत नाही. ते व्याज ते मूल भरते, शिक्षिका भरते, दुकानदार भरतो.

पैशाच्या वेळेचा मनावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला अभ्यास योगायोगाने उसावरचाच आहे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची विचारक्षमता कापणीच्या आधी आणि नंतर तपासली गेली. 2013 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तोच शेतकरी, पण ओढगस्तीच्या महिन्यांत त्याचे गुण कमी आणि हातात पैसा आल्यावर जास्त. यावर आक्षेप घेतले गेले, आणि अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांच्या पगाराआधी-पगारानंतरच्या तुलनेत असा फरक आढळला नाही. मला या दोन निष्कर्षांत मोठा विरोध दिसत नाही. आठवड्या-पंधरवड्याला येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारा पैसा यांची ओढ सारखी नसते. बीडची ओढ दुसऱ्या प्रकारची आहे, आणि त्यात उचलीचे ओझे वेगळे. उचल घेतलेल्या बाईला आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. 2019 मध्ये शासनाने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यामागे डॉक्टरांचा लोभ होता, दवाखान्यांची वानवा होती; पण आजारी पडायला वेळच नसणे हेही होते.

यावर काही जण म्हणतील, मनाचे स्वास्थ्य हवे तर समुपदेशक नेमा. नेमायलाच हवेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक ठेवायला सांगितले, ते योग्यच झाले. परीक्षेच्या, अपयशाच्या भीतीवर बोलणारे कुणी असणे ही चैन नव्हे. पण समुपदेशक शाळेत असतो आणि मूल कोपीत. आधी मूल शाळेत टिकले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ दुखणे पाण्याचे आणि रोजगाराचे असताना अनुदानाच्या तारखांची चर्चा म्हणजे वरवरची मलमपट्टी नव्हे का? सिंचन झाले, कारखानदारी आली, तर स्थलांतर आपोआप थांबेल. थांबेलही. पण बीड शहरात रेल्वे यायला कित्येक दशके लागली, ती 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून सुरू झाली. त्याच महिन्यात अतिवृष्टीने सिंदफणा नदीकाठची उभी पिके आणि माती वाहून गेली. मोठ्या उपायांचा आग्रह धरलाच पाहिजे. मात्र त्यांची वाट पाहण्यात आज सहावीत असलेल्या मुलीचे बालपण संपते. आणि तारीख पाळणे हे लहान काम आहे असे म्हणणाऱ्यांनी ते करून तरी दाखवावे.

आगाऊ पैसे दिले तर बोगस पटसंख्या दाखवली जाईल, अशीही भीती असते. ती अनाठायी नाही. पण उशिराने भ्रष्टाचार थांबतो असे कुठे दिसते? उलट खर्च होऊन गेल्यावर पैसे मिळणार असतील तर नोंदीही मागाहून लिहिल्या जातात, आणि मागाहून लिहिलेली हजेरी तपासणे सर्वांत अवघड. ऑगस्टमध्ये, माणसे गावात असताना, कोण जाणार आणि कोणते मूल राहणार याची यादी ग्रामसभेत वाचली गेली, तर खोटे नाव गावालाच ओळखता येईल.

पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तितकीच भर शासनाने घालायची, असे ठरलेले आहे. 2024-25 च्या पडत्या हंगामातही राज्याचे गाळप 8 कोटी टनांच्या वर होते. म्हणजे कारखान्यांच्याच वाट्यातून 80 कोटी रुपये. गाळप मार्च-एप्रिलमध्ये संपते आणि वसतिगृहाची गरज ऑक्टोबरमध्ये लागते. सरलेल्या हंगामाच्या या पैशातून येत्या हंगामाचे धान्य, स्वयंपाकिणींचे मानधन आणि शांतिवनसारख्या संस्थांचा निम्मा खर्च सप्टेंबरअखेर खात्यावर जमा करायला सहा महिने हाताशी असतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. उसाच्या पैशाला लावलेली 14 दिवसांची आणि व्याजाची अट या अनुदानालाही लावणारा एक शासन निर्णय पुरेल.