खिडकी कोणी फोडली?

बारावीची परीक्षा इंग्रजीच्या पेपरने सुरू होते. पेपर सुटला की फाटकाबाहेर उत्तरं ताडून बघणाऱ्यांचा घोळका जमतो. अधोरेखित शब्द उत्तर येईल असा प्रश्न तयार करायचा असेल, तर वाद ठरलेलाच. समजा वाक्य आहे ‘रवी ब्रोक द विंडो’ आणि रेघ आहे ‘रवी’खाली. एक म्हणतो, ‘हू ब्रोक द विंडो?’ दुसरा म्हणतो, ‘हू डिड ब्रेक द विंडो?’ दुसऱ्याला हसू नका. प्रश्न दिसला की डू, डझ, डिड लावायचं, हे त्याच्याकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं असतं. गंमत म्हणजे तोच मुलगा ‘व्हॉट हॅपन्ड?’ बिनचूक विचारतो. ते त्याने सिनेमातून उचललेलं असतं, नियमातून नव्हे.

कर्त्याबद्दल विचारताना डिड लागत नाही, एवढं गाइडातही सापडतं. का लागत नाही, हे मात्र मराठीतून चटकन कळतं. ‘रवीला कोणी पाहिलं?’ आणि ‘रवीने कोणाला पाहिलं?’ शब्दांची हवी तशी उलथापालथ करा. ‘ने’ आणि ‘ला’ आपापल्या शब्दाला चिकटून राहतात, घोटाळा होत नाही. इंग्रजीचे असे प्रत्यय केव्हाच झिजले. ‘हूम’ उरलं, तेही आता कागदोपत्रीच जास्त. म्हणून ‘हू सॉ रवी?’ म्हणजे पाहणारा कोण, आणि ‘हू डिड रवी सी?’ म्हणजे रवीला दिसलं कोण. हे डिड म्हणजे इंग्रजीचा ‘ला’च, असं मी म्हणतो. व्याकरणवाले नाकं मुरडतील, मुरडोत.

हे डू आलं कुठून? शेक्सपिअरच्या नाटकांत डू असलेले आणि नसलेले, दोन्ही तऱ्हांचे प्रश्न भेटतात. स्वीडनच्या अल्व्हार एलेगार्ड यांनी जुने मजकूर चाळून डू रुळण्याचा हा प्रवास मोजला. त्यांचं पुस्तक 1953चं. अमेरिकेचे जॉन मॅकव्हॉर्टर मात्र थेट वेल्श आणि कॉर्निश या भाषांकडे बोट दाखवतात: ब्रिटनच्या मूळ रहिवाशांनी परकी इंग्रजी बोलताना आपल्या भाषेतलं ‘करणे’ तिच्यात घुसवलं. कल्पना झकास आहे. जितांनी जेत्यांच्या व्याकरणात पाचर मारावी, हे आपल्याला तर आवडणारच! पण मग हे डू लिखाणात इतक्या शतकांनी का उगवतं? बोलीतलं कागदावर यायला वेळ लागतो, हे त्यांचं उत्तर. माझं समाधान अर्धंच झालं.

आता त्या दुसऱ्या मुलाकडे वळू. ‘हू डिड ब्रेक द विंडो?’ हे इंग्रज माणूसही म्हणतो, फक्त डिडवर जोर देऊन. रवी नाही म्हणाला, शेजारचा नाही म्हणाला, वर्गातले सगळे नाही म्हणाले, की मग मास्तर विचारतात तसं: अरे, मग फोडली तरी कोणी? तो ‘तरी’ म्हणजे हे डिड. उत्तरपत्रिकेत जोर ऐकू येत नाही, त्यामुळे मार्क जातो.