विडीला सुट्टी मिळते, दमल्याला नाही

रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांत ‘दमलो’ म्हणून काम सोडता येत नाही. ‘बीडी पी के आवत हंव’ (विडी ओढून येतो) म्हटलं की मात्र सुपरवायझर मान हलवतो. थोड्या वेळाने तोही त्याच वाटेने गेटाबाहेरच्या टपरीकडे जाणार असतो. दहा मिनिटं उभं राहायचं, चहा घ्यायचा, विडी ओढायची आणि परत भट्टीपाशी यायचं. जो ओढत नाही त्याला बाहेर पडायला निमित्तच नसतं. तो यंत्रापाशी उभा राहतो आणि बाहेर गेलेल्याचं कामही बघतो.

नोकरदाराला विडी-सिगारेटसाठी सुट्टी मागण्याचा हक्क आहे का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. उत्तर सोपं आहे: नाही. भारतातल्या कोणत्याही कामगार कायद्यात असा हक्क नाही. विश्रांतीचा हक्क मात्र आहे, आणि तो ओढणाऱ्याला व न ओढणाऱ्याला सारखाच आहे. प्रत्यक्षात गंमत अशी, की जो हक्क नाही तो सवयीने मिळतो आणि जो आहे तो बरेचदा कागदावरच राहतो.

उरला ही रायपूरच्या उत्तरेला, बीरगावला लागून असलेली औद्योगिक वसाहत. बिलासपूर रस्त्याने आणखी पुढे गेलं की सिलतरा लागतं. स्पंज आयर्न, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल, फेरो अलॉय असा इथला पसारा. आपल्याकडच्या बांधकामावर जी लोखंडी सळई येते, तिच्यातली बरीचशी या पट्ट्यातली असते. मराठी माणसाला हा भाग परका नाही. रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, शहरात मराठी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या, आणि गोंदियाहून इथे यायला रेल्वेने काही तास पुरतात.

आता कायदा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ५५ सांगत होतं, की प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची. राज्य सरकार किंवा मुख्य निरीक्षक लेखी आदेश काढून आणि कारण देऊन ही मर्यादा सहा तासांपर्यंत वाढवू शकत, त्यापुढे नाही. कलम ५६ प्रमाणे काम आणि विश्रांती मिळून दिवस साडेदहा तासांत आवरावा लागे. हा अर्धा तास कामाच्या तासांत धरला जात नाही. पगारी आठ तास आणि मधला अर्धा तास मिळून साडेआठ तास कारखान्यात काढावे लागतात ते त्यामुळेच. पण त्या अर्ध्या तासात कामगार मालकाच्या हुकमाखाली नसतो. जेवता जेवता पॅनेलवर लक्ष ठेवायला लावलं, तर ती विश्रांती झाली नाही.

भट्टी मात्र अर्ध्या तासासाठी थांबत नाही. हे ओळखून कायद्याने पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, ठेवली होती. जे काम तांत्रिक कारणांनी अखंड चालवावं लागतं, तिथल्या कामगारांना विश्रांतीच्या कलमातून नियमांद्वारे सूट देण्याचा अधिकार कलम ६४ राज्य सरकारला देत होतं. स्पंज आयर्नची किल्न असल्या कामात मोडते. पण ही सूट त्या अखंड कामावरच्या माणसांपुरती होती. आवारात सळया मोजणारा, भंगार निवडणारा यांना ती लागू करता येत नव्हती. कारखान्यात मात्र ‘इथे चोवीस तास काम असतं’ हे एकच वाक्य सगळ्यांना पुरवलं जातं. छोट्या रोलिंग मिलमध्ये बारा तासांची पाळी ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा पाळीत तर पाच तासांच्या हिशेबाने दोनदा विश्रांती यायला हवी.

हा अर्धा तास आला कुठून, याचं उत्तर मुंबईत आहे. मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर असलेले नारायण मेघाजी लोखंडे पुढे ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक झाले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार वेळेवर आणि जखमी झाल्यास भरपाई. तेव्हा गिरण्या उजेड असेपर्यंत चालत आणि जेवण यंत्राच्या कडेला उरकावं लागे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास गिरणी थांबवण्याची सक्ती आली. लोखंडे रविवारच्या सुट्टीसाठी लक्षात राहिले. दुपारचा अर्धा तासही त्याच अर्जात मागितलेला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

मालकांच्या बाजूचा युक्तिवादही बघण्यासारखा आहे. कामाचे तास कमी करण्याचा, विश्रांती वाढवण्याचा विषय निघाला, की गिरणीमालक म्हणत: आमचा कामगार दिवसभर विडी ओढायला, पाणी प्यायला, हातपाय धुवायला बाहेर जातच असतो, त्याला आणखी विश्रांती कशाला? १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढेही हा सूर लागला होता. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. बारा-चौदा तास सलग कोण उभा राहील? माणूस विश्रांती चोरून घेत होता, आणि ती चोरीच मग त्याला विश्रांती न देण्याचं कारण ठरत होती. उरल्यातल्या एखाद्या सुपरवायझरला आज विचारलं तर तो याहून वेगळं काही सांगेल असं मला वाटत नाही.

चहाची सुट्टीही कायद्याने दिलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा विकणाऱ्यांच्या संघटनेने कारखाने, खाणी आणि कापड गिरण्यांत चहाची दुकानं लावली, मालकांना कामगारांना चहासाठी वेळ द्यायला राजी केलं, आणि प्रथा पडली. म्हणजे चहाची सुट्टी आली चहा खपवण्यासाठी. विडीला तर एवढीही खटपट करावी लागली नाही.

धूम्रपानाचा कायदा उलट्या दिशेने जातो. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेचा तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत कामाची जागा आणि उपाहारगृह या दोन्ही गोष्टी घातल्या. दंड २०० रुपयांपर्यंत. प्रवेशद्वारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणं, ॲशट्रे किंवा काडेपेटी न पुरवणं ही जबाबदारी जागेच्या प्रमुखाची. ओढण्यासाठी वेगळी खोली ठेवण्याची मुभा विमानतळ, तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेलं आणि तीस किंवा अधिक आसनांची रेस्टॉरंटं एवढ्यांनाच आहे. कारखान्याला किंवा ऑफिसला नाही. तेव्हा ‘आम्हाला स्मोकिंग रूम द्या’ ही मागणी मालकाने मान्य करायची म्हटली तरी त्याला करता येणार नाही. उघडं मैदान मूळ कायद्याच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. पण जिथे कोळशाची भुकटी उडते, ऑक्सिजनची सिलिंडरं उभी असतात, गॅसिफायरचा ज्वालाग्राही वायू नळांतून फिरतो, तिथे विडी पेटवू देणारा व्यवस्थापक वेडाच म्हणायचा. म्हणून टपरी गेटाबाहेर असते.

उरल्यात विडीच्या धुराचा प्रश्न मुळात लहान आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे छत्तीसगडमध्ये ३९.१ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण ओढणारे फक्त ५.५ टक्के. धुराविना तंबाखू घेणारे ३६ टक्के. महाराष्ट्राचेही आकडे याच वळणाचे: ओढणारे ३.८, धुराविना घेणारे २४.४. छत्तीसगडची खासियत म्हणजे गुडाखू, तंबाखू आणि गूळ यांची पेस्ट. ती बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासतात, बायकासुद्धा. आपल्याकडच्या मशेरीची ही बहीण. गुडाखू, खैनी, गुटखा यांना बाहेर जावं लागत नाही. ओठाखाली चिमूट ठेवली की हात मोकळे. मालकाच्या दृष्टीने तर ही आदर्श गोष्ट! माणूस जागचा हलत नाही, भूक मरते, झोप उडते. ओढणारा निदान दहा मिनिटं भट्टीपासून दूर जातो. खैनीवाला विश्रांतीऐवजी खैनी घेतो. धूम्रपानबंदीचे फलक लावून आरोग्याचं काम झालं असं मानणाऱ्यांनी या ३६ टक्क्यांकडे बघायला हवं. रात्रपाळीत जागं ठेवणारी वस्तू कामगार स्वतःच्या खर्चाने विकत घेतो आणि तोंडाच्या कर्करोगाची जोखीमही स्वतःच उचलतो.

त्यात उन्हाळा. रायपूरचा मे महिना ४४-४५ अंशांना सहज जातो, आणि लाल सळईपासून काही हातांवर उभ्या असलेल्या माणसाचा उन्हाळा याच्याही वरचा. तिथे विश्रांती म्हणजे शरीराचं तापमान खाली आणायला दिलेला वेळ. सावली, पाणी, मीठ लागतं. इथल्या मजुराची न्याहारी म्हणजे बोरे-बासी, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा. २०२२ मध्ये राज्य सरकारने १ मे रोजी श्रमिकांच्या सन्मानासाठी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. मंत्री, अधिकारी थाळ्या घेऊन फोटोत बसले. ती बासी कामावर निवांत खायला अर्धा तास आणि पंख्याखालची जागा मिळते का, हा प्रश्न त्या फोटोंत नव्हता. जुन्या कायद्यात कॅन्टीनची सक्ती २५० हून जास्त कामगारांच्या कारखान्याला आणि विश्रांतीगृहाची १५० हून जास्तांच्या कारखान्याला होती. उरल्यातल्या लहान मिल या आकड्यांच्या खालीच राहत, आणि ठेकेदाराची माणसं गणतीत घ्यायची की नाही यावर वाद घालत आणखी खाली जात.

ठेकेदारीविरुद्धचा मोठा लढा याच पट्ट्यात झाला. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी १९९० च्या सुमारास भिलाईच्या खासगी कारखान्यांतले कामगार संघटित केले. ती चळवळ उरल्यापर्यंत आली. कायम नोकरी, जगण्याइतकं वेतन आणि कामगार कायद्यांची अंमलबजावणी ही मागणी होती. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना नियोगींना गोळी घालण्यात आली.

आता कायदाच बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेने घेतली. काही गोष्टी सुधारल्या. कॅन्टीनसाठी आकडा शंभरावर आला आणि त्यात ठेक्यावरचे कामगार मोजायचे हे स्पष्ट लिहिलं गेलं. विश्रांतीगृहासाठी पन्नासहून जास्त कामगार पुरतात. दिवसाची मर्यादा आठ तास, जादा कामाला दर पूर्वीसारखाच दुप्पट. पण पाच तासांनंतर अर्धा तास हे वाक्य आता संहितेत नाही. विश्रांती किती आणि कधी, हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचं आहे. १८९१ पासून कायद्याच्या कलमात असलेली गोष्ट अधिसूचनेत गेली. अधिसूचना बदलायला विधानसभेत चर्चा लागत नाही. संक्रमणाच्या काळात जुने नियम चालू राहतील असं केंद्राने सांगितलं आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तर सप्टेंबर २०२५ मध्येच कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर. गेटावर उभ्या असलेल्या माणसाची संमती कशी मिळते, ते सांगायला नको.

परदेशात विडी-सिगारेटच्या सुट्टीचं एक वेगळंच टोक दिसतं. टोकियोतल्या पियाला या कंपनीचं कार्यालय २९ व्या मजल्यावर होतं. सिगारेटसाठी खाली जाऊन यायला पंधरा मिनिटं लागत. न ओढणाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा २०१७ मध्ये कंपनीने त्यांना वर्षाला सहा दिवस जादा पगारी रजा दिली. आपल्याकडे २०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका गोदामात सगळे ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली.

उरल्यातल्या, किंवा नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या म्हणा, कामगाराने काय करावं? आधी कारखान्यातला पाळ्यांचा तक्ता वाचावा. कामाची वेळ आणि विश्रांतीची वेळ लिहून तो सगळ्यांना दिसेल असा, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावणं जुन्या कायद्याने बंधनकारक होतं, आणि तक्त्याबाहेर काम घेता येत नव्हतं. तक्त्यात विश्रांती लिहिलेली असेल आणि मिळत नसेल, तर तक्रारीला तेवढा कागद पुरतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. ठेकेदाराने सुविधा दिल्या नाहीत तर मुख्य मालकाला त्या द्याव्याच लागतात, ही तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासूनची. निरीक्षकाकडे तक्रार केल्यास तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं, असं १९८७ च्या दुरुस्तीतलं कलम ११८-क सांगत होतं. एकट्याने जाण्यापेक्षा पाळीतल्या चार-पाच जणांनी मिळून सही केलेली बरी, आणि त्यांच्यात एखादा तरी विडी न ओढणारा असावा.