भट्टीतील चुनखडीचे चालू निरीक्षण

वणीजवळील राजूरच्या चुनाभट्ट्या यवतमाळ जिल्ह्यात सर्वपरिचित आहेत. भट्टीत घडणारी क्रिया पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते : 100 भाग शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटापासून 56 भाग कळीचा चुना व 44 भाग कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो. मात्र या दोन अवस्थांच्या दरम्यान काय घडते, याविषयी ती ओळ मौन पाळते.

नमुना तापवावा, मध्येच बाहेर काढून थंड करावा व मग तपासावा, ही जुनी रीत होय. परंतु कळीचा चुना हवेतील बाष्प शोषून विरू लागतो. त्यामुळे परीक्षकाच्या हाती येणाऱ्या नमुन्यातील काही भाग भट्टीत कधी अस्तित्वातच नव्हता, असे होऊ शकते. म्हणून क्रिया चालू असतानाच पदार्थ पाहणे अगत्याचे ठरते.

याचे सर्वांत साधे साधन म्हणजे भट्टीत टांगलेला तराजू. जपानी शास्त्रज्ञ होंडा यांनी 1915 मध्ये अशा तुलेचे वर्णन केले. वजनातील घट ती अखंड नोंदविते. पण घट कोणत्या घटकामुळे झाली, हे तिला सांगता येत नाही. ते काम क्ष-किरणांचे विवर्तन करते. तापत्या नमुन्यावर किरण सोडले असता कॅल्साइटची 3.04 अँगस्ट्रॉमची प्रमुख रेषा मंदावत जाते व चुन्याची 2.41 अँगस्ट्रॉमची रेषा उजळते. प्रयोगशाळेतील नेहमीचे यंत्र एकेक कोन क्रमाने मोजते. सबब नोंदीचा आरंभ आणि शेवट हे पदार्थाच्या दोन भिन्न क्षणांचे असतात. विद्यार्थी हे वारंवार विसरतात. इंदूर येथील इंडस-2 सारख्या सिंक्रोट्रॉनचा किरण इतका प्रखर असतो की संपूर्ण चित्र अल्पावधीत घेता येते.

आता खरी अडचण. निर्वातात वायू लगोलग निघून जात असल्याने चुनखडी भट्टीपेक्षा पुष्कळ कमी तापमानास विघटित होते. कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण असेल, तर मात्र सुमारे 900 अंश सेल्सिअस गाठावे लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात पाहिलेले विघटन म्हणूनच राजूरच्या भट्टीतील विघटन नव्हे. तेथे तर इलेक्ट्रॉनांचा झोतच कॅल्साइटचा चुना करू शकतो! पाहणाऱ्याच्या डोळ्यानेच वस्तू बदलावी, असा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणजे झोत क्षीण ठेवणे, नमुन्याचा काही भाग झोताबाहेर राखून अखेरीस दोहोंची तुलना करणे आणि नमुन्याभोवती ज्ञात दाबाचा वायू खेळविणे.

तापमानाच्या आकड्यावरही विश्वास जपूनच ठेवावा. विघटनात उष्णता शोषली जाते. त्यामुळे नमुना पात्रापेक्षा थंड असतो, आणि तापमापक बहुधा पात्राचेच तापमान दाखवितो. नमुन्यात थोडी प्लॅटिनमची भुकटी मिसळून तिच्या ज्ञात प्रसरणावरून तापमान काढणे अधिक भरवशाचे.

एक प्रश्न तरीही उरतो. तांब्याच्या लक्ष्यापासून निघणारे क्ष-किरण कॅल्साइटमध्ये मिलिमीटरच्या दशांशाइतकेही खोल शिरत नाहीत, आणि भट्टीत तर मुठीएवढे दगड पडतात. त्यांचे विघटन पृष्ठभागाकडून गाभ्याकडे सरकते. बाहेर चुना फाजील भाजला जात असता आत कच्ची चुनखडी शिल्लक राहते. असा दगड अखंड ठेवून पाहायचा, तर न्यूट्रॉनांकडे वळावे लागते. ते कित्येक सेंटिमीटर आत जातात, आणि तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत त्यांच्या विवर्तनाची सोय आहे. तथापि न्यूट्रॉन-झोत क्षीण असल्याने एकेका नोंदीस बराच वेळ लागतो. तेवढ्यात दगडातील सीमारेषा पुढे सरकलेली असते.